हातात ४६ हजार, तीन कर्जं आणि घरखर्चाचे टक्के

टक्क्यांचा नाद सोडा. तुम्ही लिहिलंय : हातात ४६,००० येतात, चार माणसं, घरभाडं १०,०००, पर्सनल लोनचा हप्ता ७,२००, पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो, क्रेडिट कार्डावर ८०,००० थकलेत आणि दर महिन्याला मिनिमम (बिलावरची किमान रक्कम) भरता, तर किराणा-भाजीवर किती टक्के ठेवावेत? आणि अगदी शेवटी, जाता जाता : लाखाची एफडी आहे, पण ती अडीनडीला ठेवलीय. अहो, अडीनडी म्हणजे आणखी काय असतं?

कार्डाचं गणित एकदा कागदावर मांडा. महिना साडेतीन टक्के दर धरला तर ८०,००० वर २,८०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. झाले ३,३०४. मिनिमम साधारण पाच टक्के असतं, म्हणजे ४,०००. तुम्ही ४,००० भरता तेव्हा मुद्दलातले ६९६ रुपये फिटतात. त्याच महिन्यात हजाराचा किराणा त्याच कार्डावर घेतलात तर थकबाकी उलट वाढली. आणि मागचं पूर्ण फिटलेलं नसताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. पॉइंट मिळतात म्हणून किराणा कार्डावर घेणारी माणसं हे कधी बघत नाहीत. कार्ड वापरणं पूर्ण बंद करून दरमहा ४,००० भरत राहिलात तरी ४३-४४ महिने लागतात आणि एकूण १,७३,००० च्या आसपास जातात.

आता एफडी. सात टक्क्यांनी लाखावर वर्षाला ७,०००, महिन्याला ५८३. एकीकडे ५८३ कमवायचे आणि दुसरीकडे ३,३०४ घालवायचे, याला बचत कुठल्या हिशोबानं म्हणायचं? मुदतीआधी मोडली तर बँका बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. एक टक्का धरला तरी वर्षभराच्या एफडीवर हजार रुपयांचा फटका, तोही एकदाच. या मुद्द्यावर माझं आमच्या आतेभावाशी कायम वाजतं. ‘एफडी मोडली की घर मोडलं’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या पंथातले असाल तर मोडू नका, एफडीवर कर्ज घ्या. बँक साधारण ९० टक्क्यांपर्यंत देते, दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त. ८०,००० ला नऊ टक्क्यांनी महिन्याला ६०० पडतात. एफडीही शाबूत, अभिमानही शाबूत. मला विचाराल तर सरळ मोडा आणि उरलेले २०,००० तेवढे अडीनडीला ठेवा.

भरायला जाल तेव्हा बिलावरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. व्याज भरणा होईपर्यंत चढत राहतं, त्यामुळे पुढच्या बिलात काही रुपये मागचे निघतात. ‘आपण तर सगळं भरलं’ म्हणून ते बिल उघडलंच नाही की लेट फी आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग. कस्टमर केअरला त्या दिवसाची पूर्ण थकबाकी विचारा, ती भरा आणि पुढचं बिलही आठवणीनं बघा.

एफडी नसती तर थकबाकीचा कार्डावरच ईएमआय करून घ्या म्हटलं असतं. १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता साधारण ३,९१७ बसतो, वर व्याजावरचा जीएसटी. म्हणजे आज मिनिमम म्हणून जेवढे जातात जवळपास तेवढेच, फक्त दोन वर्षांत विषय संपतो. सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण याहून स्वस्त पडतं, पण तिथे हप्त्याचीच योजना घ्या. वर्षाअखेरीला मुद्दल-व्याज एकरकमी भरायची योजना घेतली की वर्षभर कुणी मागत नाही, मग रक्कम जमत नाही, मग नूतनीकरण, आणि तेही चुकलं तर लिलावाची नोटीस.

आता घरखर्च. भाडं, लोनचा हप्ता आणि कार्डाचे ४,००० गेले की २४,८०० उरतात. दूध दीड लिटर, ६० रुपये भावानं २,७००. किराणा ६,०००, भाजी-फळं ३,०००, पेट्रोल ३,०००, वीज १,२००, गॅस ९००, मोबाईल-नेट १,०००. बेरीज १७,८००. गावानुसार आकडे हलतील, पण चार माणसांना यात फार कापण्यासारखं नसतं. चहा बंद करा, हॉटेल बंद करा हे सल्ले देणाऱ्यांनी घर चालवलेलं नसतं.

बजेट मोडतं ते वर्षाच्या खर्चांनी. जूनमध्ये फी, वह्या, गणवेश १४,०००. गणपती-दिवाळी १५,०००. लग्नसराईतले आहेर आणि गावाला जाणं-येणं ८,०००. दवाखाना १०,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. झाले ५२,०००, म्हणजे महिन्याला ४,३०० च्या वर. दर महिन्याच्या कागदावर हा खर्च कुठेच नसतो, म्हणून जून आला की तो कार्डावर जातो. तुमचे ८०,००० बहुतेक असेच साठलेत. मागच्या वर्षाची कार्डाची बिलं काढून जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे बघा. २४,८०० मधून १७,८०० आणि हे ४,३०० गेले की २,७०० उरतात, ते हातखर्चाला. वर्षाच्या खर्चांसाठी दुसरं बचत खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घरात कपाटात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,३०० तिकडे जाण्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या. आरडी (दरमहा ठरावीक रक्कम मुदतीसाठी ठेवायची ठेव) नको, कारण पैसे जूनलाही लागतात आणि दिवाळीलाही.

कार्ड फिटल्यावर सुटलेले ४,००० आधी तीन-चार महिने त्या २०,००० मध्ये टाका, मग पर्सनल लोनकडे वळवा. त्याआधी मंजुरीपत्र काढून वाचा. दर फिक्स्ड असेल तर मुदतीआधी फेडण्यावर बऱ्याचदा शुल्क असतं आणि अर्धवट भरण्याला मर्यादाही असतात. पतसंस्थेच्या कर्जाची घाई नको. पण पगारातून कपात कुठल्या महिन्यात चुकली (बिनपगारी रजा, नोकरी बदल) तर स्वतः जाऊन हप्ता भरून या, नाहीतर तुमच्या जामीनदाराच्या पगाराला हात लागतो आणि ऑफिसात तोंड दाखवायची चोरी होते.

तारखाही बघा. पगार सात तारखेला आणि हप्ता पाच तारखेला असेल तर पाचला खातं रिकामं असतं आणि हप्ता बाउन्स होतो. दंड तुमची बँक लावते आणि कर्ज देणारीही लावते. हप्त्याची तारीख बदलायचा अर्ज द्या. कार्डाच्या बिलाची तारीख एकदा तरी बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीच दिलाय.

राहिलेल्या दोन गोष्टी. एफडी कर वाचवण्यासाठीची पाच वर्षांची असेल तर एफडीबद्दल वर लिहिलेलं सगळं बाद : ती मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. मग ईएमआयचाच रस्ता. आणि नोकरी डळमळीत असेल तर एफडी सगळी कार्डावर ओतू नका, निम्मी भरा, उरलेल्या थकबाकीचा ईएमआय करा.

वसुलीचे फोन सुरू झाले असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर एजंटनं फोन करायचा नाही असा नियम आहे; वेळ आणि नंबर टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. ‘सेटलमेंट करून टाका’ (थकबाकीपेक्षा कमी भरून खातं मिटवा) म्हणाले तर हुरळू नका, सिबिलवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ पडतं आणि पुढे घराचं कर्ज मागताना नडतं. पूर्ण भरून कार्ड बंद करायचा अर्ज ईमेलनं टाका. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करून द्यावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात.