डोळ्याच्या पडद्यातील गळक्या रक्तवाहिन्या

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या मुलाच्या फोटोत उजव्या डोळ्याची बाहुली पिवळसर चमकताना दिसली. तपासणीत ‘कोट्स आजार’ असल्याचे कळले. लेसर आणि क्रायो उपचार सुचवले आहेत. त्याला पूर्वीसारखे दिसेल का? धाकट्या मुलीलाही धोका आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीची काळजी आधी दूर करतो. १९०८ साली जॉर्ज कोट्स या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञाने वर्णन केलेला हा आजार सहसा आनुवंशिक नसतो. तो बहुतांशी मुलग्यांत आणि एकाच डोळ्यात आढळतो.

या आजारात डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात व झिरपू लागतात. झिरपलेला चरबीयुक्त द्रव पडद्यात आणि पडद्याखाली साचतो, त्यामुळेच ती पिवळी चमक दिसते. बाहुलीतली अशी चमक रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगातही दिसते, म्हणून उपचारापूर्वी भूल देऊन केलेली तपासणी आणि सोनोग्राफी यांतून तो नाही याची खात्री झाली आहे ना, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. ही विचारणा म्हणजे अविश्वास नव्हे.

लेसरने किंवा अतिशीत टोकाच्या उपकरणाने, म्हणजे क्रायोने, गळक्या वाहिन्या बंद केल्या जातात. पडदा फारसा उचललेला नसेल तर लेसर सोयीचा. खाली द्रव जास्त असेल तर क्रायो अधिक उपयोगी ठरतो, आणि कधी साचलेला द्रव शस्त्रक्रियेने काढावा लागतो. जोडीला डोळ्यात इंजेक्शनही देतात, परंतु सहसा केवळ त्यावर भागत नाही. एका बैठकीत काम क्वचितच संपते, आणि वाहिन्या बंद झाल्यावरही साचलेली पिवळी चरबी विरायला कित्येक महिने लागतात. त्या काळात ‘काहीच फरक नाही’ असे वाटून उपचार सोडणारे पालक मी पाहिले आहेत.

पूर्वीसारखे दिसेल, असे वचन मी देणार नाही. पडद्याच्या मध्यभागी, पीतबिंदूखाली, चरबी साचून व्रण झाला असेल तर दृष्टी मर्यादितच राहते. तेव्हा आजार थांबवणे आणि डोळा वाचवणे हेच उद्दिष्ट असते. मध्यभाग बचावला असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याचा, म्हणजे नीट वापर न झाल्याने दृष्टी मंदावलेल्या डोळ्याचा, व्यायामही करून घ्यावा लागेल. डाव्या डोळ्याच्या रक्षणासाठी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा खेळतानाही घालावा. पडदा कोरडा झाल्यावरही वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवा, कारण बऱ्याच काळानंतरही नव्या वाहिन्या गळू लागतात आणि मूल एका डोळ्याने दिसत नसल्याची तक्रार सहसा करत नाही.