क्रॉइत्सलिंगेनला यायचं म्हणतेस, तर ऐक

नवऱ्याला तिकडे नोकरी मिळतेय, मुलगी दहा वर्षांची आहे, क्रॉइत्सलिंगेन राहायला कसं आहे, असं तू विचारलंस. व्हिसा, विमा, भाडं यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ती मी परत उगाळत नाही. तुझी मुलगी दहा वर्षांची आहे हे वाचलं आणि माझी झोप गेली, म्हणून लिहायला बसले.

गाव तसं लहान, स्वित्झर्लंडमधलं, जर्मनीच्या सीमेला लागून, वीस-बावीस हजार वस्तीचं. उत्तरेला बोडनझे, म्हणजे लेक कॉन्स्टन्स. 536 चौरस किलोमीटरचं तळं, काठावर तीन देश: स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया. त्यातल्या मोठ्या भागात सीमा नक्की कुठून जाते हे या तिघांनी आजवर ठरवलेलंच नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसले. मी निपाणीची गं. आमच्याकडे 1956 पासून एका रेघेवरून काय काय झालं ते तुला सांगायला नको. इथं पाण्यावर रेघच नाही, तरी बोटी चालतात, मासे धरले जातात.

जमिनीवर मात्र रेघ आहे. पलीकडचं कोन्स्टान्झ जर्मनीत. त्याचं जुनं गाव ऱ्हाईन नदीच्या आपल्या, म्हणजे स्विस बाजूला, क्रॉइत्सलिंगेनला इतकं चिकटलेलं की गल्ली कुठं संपली आणि देश कुठं बदलला ते कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोन्स्टान्झने रात्री दिवे चालू ठेवले, विमानांना वरून सगळं स्वित्झर्लंडच वाटावं म्हणून, आणि गाव वाचलं. याच सीमेवर 8 नोव्हेंबर 1939 ला गिओर्ग एल्झर नावाचा सुतार पकडला गेला, स्वित्झर्लंड काही पावलांवर असताना. हिटलरला मारायला त्याने म्युनिकमध्ये बॉम्ब लावला होता. तो त्याच रात्री फुटला, पण हिटलर आधीच निघून गेला होता. मी पीठ आणि दही आणायला त्याच बाजूला जाते. स्वस्त पडतं.

तुला सगळे सांगतील, जर्मनीत राहा आणि इकडे नोकरी करा. जर्मनीत कायम राहण्याचा हक्क नसेल तर आपल्या पासपोर्टवर ते जमत नाही. आमचे चार महिने त्यात गेले.

कागदांचं एकच सांगते. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, आपल्याकडे असतं तसं. इथल्या एका कचेरीने ते माझंच दुसरं नाव धरलं, आणि पुढे कुठल्याशा यादीत माझं नाव गळून तेवढंच उरलं. दोन वर्षं दवाखान्यात मला नवऱ्याच्या नावाने हाक मारायचे आणि मी उठून जायची. दुरुस्तीला जन्मदाखला मागितला. तो मराठीत हाताने लिहिलेला, त्यात माझं नावच नाही, नुसतं 'मुलगी'. निघायच्या आधी हे सगळं उरकून घे.

आता शाळा. इथं सहावीनंतर मुलांचे दोन गट करतात, ई आणि जी. ई म्हणजे वरचा. वर्गात शुद्ध जर्मन, मैदानावर स्विस बोली, ती आपल्याला कोणी शिकवत नाही. माझी मुलगी चौथीत आली. गणितात पहिली, पण तोंड उघडायची नाही. सहावीत बाईंनी बोलावलं, गोड बोलून जी सुचवलं. मला अर्धं कळलं. मी मान हलवत राहिले, कारण 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटली. सही केली. आता ती औषधाच्या दुकानात काम शिकते, खूश आहे, मला म्हणते, "आई, तू अजून तिथंच?" हो, मी अजून त्याच खुर्चीत आहे. तू जाशील तेव्हा भाषा येणारं कुणीतरी सोबत ने.

एकटेपणाचं विचारलंस. होते सवय. नोव्हेंबरपासून तळ्यावर धुकं बसतं, ते दिवस जड जातात, बाकी काही नाही.

एकदा मात्र रडले. 2006 मध्ये तळ्याकाठचं सीमेचं कुंपण काढलं होतं, त्या जागी भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांमधल्या चित्रांवर बेतलेली 22 शिल्पं आहेत. 2020 च्या करोनात तिथंच जाळी आली. इकडून तिकडून माणसं जाळीला बिलगायची, म्हणून काही अंतरावर दुसरी जाळी लावली, हात लागू नये म्हणून. मी रोज संध्याकाळी बघायला जायची. माझं पलीकडे कुणी नव्हतं.

आणि मुलीला पोहायला शिकवून आण. उन्हाळ्यात इथली सगळी पोरं तळ्यात असतात. माझी पहिले दोन उन्हाळे काठावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळत होती.