‘पाठ सगळं आहे, पण कळत काहीच नाही’

‘मुलगी बाकी विषयांत बरी आहे. रसायनशास्त्र मात्र कितीही घोकलं तरी डोक्यात राहत नाही. द्रव्याच्या अवस्था, अणूची रचना ही सुरुवातीची प्रकरणंच अशी जड जात असतील, तर पुढे विज्ञान शाखा तिला झेपेल का?’ पहिल्या परीक्षेचे गुण हातात पडले की अशा अर्थाचा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी मुलगी असते, कधी मुलगा. ‘झेपेल का’ हा शेवट मात्र ठरलेला. थेट उत्तर देण्याऐवजी एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती नववीत होती. गणितात चांगली, भाषेत त्याहून चांगली, रसायनशास्त्रात काठावर. वडिलांचं निदान तयार होतं: “लक्ष नाही हो मॅडम. मोबाईल.” आईचं म्हणणं वेगळं, की पोरगी रात्री उशिरापर्यंत तेच पुस्तक घेऊन बसलेली असते. मुलगी गप्प. दोघांना जरा बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तिने न विचारताच दप्तरातून वही काढून माझ्यापुढे ठेवली.

वही बघण्यासारखी होती. व्याख्यांखाली लाल रेघ, शास्त्रज्ञांची नावं हिरव्या चौकटीत, सन कडेला. मी मधूनच विचारलं, “अणुअंक म्हणजे काय गं?” उत्तर आलं, “अणुकेंद्रकातील प्रोटॉनच्या संख्येला अणुअंक म्हणतात.” एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग म्हणाली, “पाठ सगळं आहे मॅडम. कळत काहीच नाही.”

इथे आमच्या समुपदेशनाच्या व्यवसायातली मळलेली वाट म्हणजे वेळापत्रक आखून देणं, रंगीत तक्ते करायला लावणं, मोबाईलचे तास ठरवून देणं. त्यात वाईट काही नाही. पण नेमकं काय कळत नाहीये हे न विचारता वेळापत्रक दिलं, तर मूल न कळलेलं जास्त शिस्तीने घोकतं, एवढाच फरक पडतो. ही मुलगी शिस्तीने घोकतच होती.

मी कोरा कागद दिला. “भांड्यातलं पाणी काढ. त्यातले रेणू दिसतील असं काढ.” तिने भांडं काढलं, त्यात गोल टिपके काढले आणि मग निळी पेन्सिल घेऊन टिपक्यांच्या मधली सगळी जागा काळजीपूर्वक रंगवली. मी रंगवलेल्या जागेवर बोट ठेवलं. “टिपके म्हणजे पाण्याचे रेणू. मग हे मधलं निळं काय?”

“पाणी,” ती म्हणाली.

पाण्याच्या रेणूंच्या मधे पाणी! तिला त्यात काही खटकलं नाही. खटकावं असं तिला कुणी कधी विचारलंही नव्हतं. ‘द्रव्य सूक्ष्म कणांचं बनलेलं असतं’ हे वाक्य तिला पाठ होतं. पण तिच्या मनात द्रव्य आधी होतंच आणि कण त्यात नंतर पेरलेले होते. वाफेचं चित्र काढायला सांगितलं, तर टिपके मोठे झाले. का? “गरम केल्यावर वस्तू प्रसरण पावतात ना.” म्हणजे रेणूच फुगले. पुढे मी विचारलं, तांब्याचा एक अणू कसा दिसेल? “लालसर. चकचकीत.” डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचे सगळे गुण तिने एकेका कणाला देऊन टाकले होते. ही तिची एकटीची चूक नाही. जगभरच्या शाळांतली मुलं हेच करतात, रसायनशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांनी ते कितीदा तरी नोंदवलं आहे, आणि खरं सांगायचं तर विचार करणारं मूलच अशी सांगड घालायला जातं. ज्याला पर्वा नाही, तो टिपके काढून मोकळा होतो.

“मधे काहीच नाही,” असं मी सांगितल्यावर तिने हुज्जत घातली. काहीच नाही असं कसं असेल? निदान हवा तरी असेलच ना? मग हवेच्या कणांच्या मधे काय, असं विचारल्यावर जरा थांबली. ‘काहीच नाही’ ही गोष्ट गळी उतरायला माणसाला नेहमीच जड गेली आहे. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने अणू आणि पोकळी या दोन गोष्टी मांडल्या, आणि त्याच्यानंतर आलेल्या ॲरिस्टॉटलने पोकळी साफ नाकारली. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. आपण ॲरिस्टॉटलच्या बाजूने आहोत हे काही वाईट नाही, असं तिला वाटलं असावं.

मग आकडे घेतले. १०० अंश सेल्सिअसला पाण्याची वाफ झाली, की तेवढंच पाणी साधारण सोळाशे पट जागा व्यापतं. रेणू तेच, तेवढेच, त्याच आकाराचे. वाढलं ते फक्त मधलं अंतर. वाफेचं चित्र तिने पुन्हा काढलं. भांड्यात मावेना, म्हणून चारच टिपके काढले, लांब लांब. निळी पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली.

तेवढ्यात तिची जुनी शंका बाहेर आली. स्थायूत कण सगळ्यांत जवळ, द्रवात जरा लांब, वायूत फार लांब, असं शिकवलं होतं. “मग बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? तो तर बुडायला हवा.” वर्गात तिने हे विचारलं होतं आणि ‘ते पुढे येईल’ असं उत्तर मिळालं होतं. त्यातून तिने काढलेला अर्थ असा, की आपल्यालाच नियम समजलेला नाही. प्रश्न बिनतोड होता. पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांना ठरावीक दिशांनीच धरतात, त्यामुळे बर्फात षटकोनी पोकळ जागा राहतात आणि तेवढंच पाणी गोठल्यावर जवळजवळ ९ टक्के जास्त जागा घेतं. बहुतेक पदार्थांना लागू असलेल्या नियमाला पाणी अपवाद आहे. आणि जाता जाता, पुस्तकांतल्या चित्रांत द्रवाचे कण जितके सुटे दाखवतात तितके ते नसतात. जवळजवळ एकमेकांना चिकटूनच असतात, फक्त जागा बदलत राहतात. चित्रात गफलत आणि गुण मुलाचे कापले, असं इथे पुष्कळदा होतं.

दुसरी गाठ अणूच्या रचनेची. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे न समजण्यापेक्षा दुखावलं जाणं अधिक होतं. एका प्रकरणात डाल्टनचा अणू अविभाज्य. पुढच्यात थॉमसन येतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन काढतो. मग रुदरफोर्ड थॉमसनचं चित्र पुसतो, बोर रुदरफोर्डचं दुरुस्त करतो. “म्हणजे आधीचं सगळं खोटंच ना? मग पाठ कशाला करायचं? आणि आत्ता जे शिकवताहेत, ते पण पुढच्या वर्षी खोटं निघणार?” आवाज चढला होता. मला तो राग रास्त वाटला.

मी तिला हिरव्या चौकटी रिकाम्या करायला लावल्या. प्रत्येक नावापुढे व्याख्या नाही लिहायची. दोनच गोष्टी लिहायच्या, त्याला काय दिसलं आणि त्याच्या चित्राला काय सांगता आलं नाही. डाल्टनला १८०० नंतरच्या पहिल्या दशकात दिसलं ते वजनांचं प्रमाण: मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात, जणू मोजून घेतलेल्या कणांनी. थॉमसनला १८९७मध्ये दिसलं, की नळीत कोणताही वायू भरा, कोणत्याही धातूचे इलेक्ट्रोड लावा, नळीच्या ऋण टोकाकडून निघणाऱ्या कॅथोड किरणांतले ऋणप्रभारित कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, तेच. म्हणजे ते सगळ्याच अणूंत असले पाहिजेत. १९०९मध्ये रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे वेगवान धनप्रभारित कण, सोडले. बहुतेक सरळ पार गेले. पण सुमारे २०,००० पैकी एखादा मोठ्या कोनातून वळला, काही तर मागे फिरले. थॉमसनच्या अणूत धनप्रभार सगळीकडे पसरलेला. एवढ्या जोराने परतवून लावायला तो पुरा पडत नाही. म्हणून १९११मध्ये अणुकेंद्रक आलं. अणूचा व्यास त्याच्या केंद्रकाच्या दहा हजार ते एक लाख पट. बाकी पुन्हा ती पोकळीच.

यावर तिने विचारलेला प्रश्न मी लिहून ठेवला आहे: “मग रुदरफोर्डचं काय बिघडलं?” पाठांतर करणारं मूल हा प्रश्न विचारत नाही. त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात. फिरणारा प्रभारित कण त्या काळच्या नियमांप्रमाणे ऊर्जा बाहेर टाकत राहणार, इलेक्ट्रॉन गिरक्या घेत केंद्रकात पडणार आणि अणू टिकणारच नाही. जग तर टिकून आहे. १९१३मध्ये बोरने ठरावीक ऊर्जेच्या कक्षा मांडल्या त्या या अडचणीपोटी. न्यूट्रॉन तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३२मध्ये चॅडविकला सापडला. ज्या तक्त्यात ती प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन एका ओळीत पाठ करत होती, तो भरायला पस्तीस वर्षं लागली होती.

तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, कारण त्या मला स्वतःला आवडतात. डाल्टनने पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता. आजच्या परीक्षेत तो त्या प्रश्नाला नापास झाला असता. आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड, १९०९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, अणू खरोखर असतात हे कितीतरी वर्षं मानायलाच तयार नव्हता. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची जी अखंड थरथर रॉबर्ट ब्राउनने १८२७मध्ये पाहिली होती, ती पाण्याच्या रेणूंच्या धडकांनी होते हे दाखवणारी फ्रेंच शास्त्रज्ञ पेऱँची मोजमापं समोर आली, तेव्हा कुठे त्याने हार मानली.

तिसरी गाठ छोटी, पण बोचणारी. पोटॅशियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते तिने २, ८, ९ लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती. बरोबर उत्तर २, ८, ८, १. पण तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे तिला शिकवलेलंच होतं, मग नववा तिथे का जाऊ नये? नियमाप्रमाणे तिचंच बरोबर वाटतं. शाळेत सांगण्याजोगं उत्तर हे, की सगळ्यांत बाहेरच्या कवचात आठाहून जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत. खरं कारण पुढच्या वर्गांत येतं: कवचांच्या आत उपकवचं असतात आणि पोटॅशियमच्या त्या शेवटच्या इलेक्ट्रॉनला चौथ्या कवचातलं पहिलं उपकवच कमी ऊर्जेचं पडतं. तिसऱ्या कवचात नववा इलेक्ट्रॉन येतो तो स्कँडियमपासून, २, ८, ९, २. ‘तसंच असतं’ म्हणण्यापेक्षा ‘याचं कारण आहे, ते अमुक वर्षी येईल’ असं सांगितलेलं मुलांना पुरतं, हा माझा अनुभव आहे.

रसायनशास्त्राच्या अध्यापनाचे संशोधक, ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टोन यांनी या विषयाच्या अवघडपणाचं कारण फार सोपं करून मांडलं. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर बोलतं: दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण, आणि चिन्हं व सूत्रं. शिकवणारा एकाच वाक्यात तिन्हीकडे फिरून येतो, त्याला ते जाणवतही नाही. नवख्याला एकाच वेळी तिन्ही पेलत नाहीत, म्हणून तो सगळ्यांत सोपं ते उचलतो. ते असतं शब्दांचं पाठांतर.

तिचे गुण लगेच उड्या मारत वर गेले नाहीत. पुढच्या परीक्षेत थोडे वाढले. वडील जरा नाराजच होते. मी त्यांना दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दाखवल्या: आधीच्या चुका कोऱ्या जागांच्या आणि अर्धवट आठवलेल्या व्याख्यांच्या, नंतरच्या चुका गणन करताना झालेल्या. “या दुसऱ्या चुका सुधारायला सोप्या,” एवढं त्यांना पटलं.

आता मूळ प्रश्न. ‘झेपेल का’ हे एका विषयाच्या पहिल्या दोन प्रकरणांवरून ठरवू नका. सगळेच विषय एकदम घसरले असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, वाचायलाच त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी मुलाला प्रत्यक्ष भेटायला आणा. एकट्या रसायनशास्त्राचं दुखणं असेल, तर घरी व्याख्या म्हणवून घेणं काही दिवस बंद करा. चित्र काढायला सांगा, मधल्या जागेत काय आहे ते विचारा, आणि पुस्तकातलं प्रत्येक ठाम विधान ‘हे कशावरून कळलं असेल?’ या प्रश्नाने उघडा. तुम्हाला स्वतःला उत्तर येत नसलं तरी चालेल, शोधायला दोघं बसा.

हे सगळं मोलची, म्हणजे कण मोजायच्या एककाची, संकल्पना येण्याआधी केलेलं बरं. १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०²³ रेणू, असं वाक्य तिथे येतं आणि सगळी गणितं त्यावर चालतात. ज्या मुलाच्या मनात रेणूंच्या मधे अजून पाणी भरलेलं आहे, त्याला ती संख्या कशाची मोजणी आहे हेच कळत नाही. मग सूत्र घोकणं सुरू होतं आणि पुन्हा तीच तक्रार घेऊन पालक येतात, फक्त मूल एका वर्षाने मोठं झालेलं असतं.