मीटिंगला तेच ते वीस जण, मग बाकीच्यांचं मत कसं घ्यायचं?

प्रश्न : आमच्या शेतकरी-शेतमजूर संघटनेचे १४० सभासद आहेत, पण मीटिंगला वीसच येतात अन् तेच बोलतात. वर्षभराचे मुद्दे ठरवायचे कसे? (यवतमाळ जिल्हा)

भाऊ, मीटिंग किती वाजता ठेवता? दुपारी चावडीवर बोलावलं तर निंदणाला गेलेली बाई येईल कुठून, अन् वेचणीच्या दिवसात तर कापसाचं वजन होऊन घरी येईस्तोवर अंधार पडते, मग चूल. आपणच जा. धुऱ्यावर शिदोरी सुटते त्या अर्ध्या तासात बाया मोकळं बोलतात. त्यांची बैठकही वेगळी घ्या, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हे ग्रामपंचायत कायद्यातच आहे.

अन् "तुमच्या समस्या काय" असं विचारू नका, त्याचं उत्तर रस्ता, नाली, घरकुल हेच येते. "मागच्या महिन्यात कशापायी मजुरी बुडली?" असं विचारा. मी एकीला विचारलं तर म्हणे, "बँकेत केवायसीपायी तीन चकरा झाल्या बाप्पा, तीन रोज बुडले माहे." हा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच!

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर पोल घेतला तर चालते का? (चंद्रपूर)

निरोप द्यायला चालते, ठरवायला नाही. बऱ्याच घरी मोबाइल पोराच्या हातात असते, बोट त्याचं अन् मत बापाच्या नावावर.

प्रश्न : तीस मुद्दे जमले, सगळेच महत्त्वाचे वाटतात. निवडायचे कसे? (वाशीम)

ताई, आधी सारखे मुद्दे एकत्र करा, आठ-दहा उरतील. मग अंगणात खडूनं चौकोन आखा अन् प्रत्येकात एक वस्तू ठेवा, पाण्यासाठी गुंड (घागर), लाइटसाठी बल्ब, डुकरांसाठी कुरतडलेलं कणीस, पांदण रस्त्यासाठी चिखलाचं ढेकूळ, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही समजते. प्रत्येकाला पाच दाणे, माणसांना तूर, बायांना हरभरा. आमच्याकडे एका गावात असं केलं तर पांदणीवर तुरीचा ढीग पडला, गुंडापुढे हरभरा ओंजळभर अन् तूर एकही नाही. माणसं पाहतच राहिली. मग एक म्हातारे उठले, त्यांनी आपले दोन दाणे पांदणीवरून उचलले अन् गुंडापाशी नेऊन ठेवले.

पण दाणे मोजले म्हणजे ठरलं असं समजू नका. जंगलाकाठच्या दहा घरांचं पीक रोही-डुकरं साफ करतात, त्या घरांचे दाणे कधीच जास्त भरणार नाहीत, मग त्यांनी कुठं जायचं? २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात बहुमतावर नाही तर सर्वसहमतीनं ठरवतात, अन् त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. वेळ लागते, लागू द्या.

प्रश्न : मागच्या वर्षी घरोघरी फॉर्म भरून घेतले, पुढं काहीच झालं नाही. आता लोकं तोंड फिरवतात. (अमरावती जिल्हा)

फिरवणारच ना, त्यांनी आपला वेळ दिला होता. नवीन फॉर्म छापू नका. जुने काढा, वाचा, त्याच घरी जा अन् सांगा की तुम्ही हे बोलला होता, यातलं एवढं केलं, हे राहिलं, अन् काहून राहिलं तेही. समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, कोणता मुद्दा, अर्ज कोणाकडे अन् कोणत्या तारखेला दिला. शेजारी अर्जाची पोच चिकटवा. नवीन काही विचारायचं असेल तर पोळा होऊ द्या, पेरणीच्या घाईत कोणी थांबणार नाही.