गोष्ट घडवायला तुमची सर्वांत आवडती जागा कोणती?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की माणसं ठरली आहेत, भांडण ठरलंय, डोंगरातलं एखादं जुनं घर डोक्यात घोळतंय, पण हे सगळं नक्की घडवायचं कुठं तिथंच घोडं अडलंय. मी आधी वाचक आहे, दिवाळी अंकांत अधूनमधून एखादी कथा छापून आलेली आहे, एवढ्याच अधिकारानं सांगतो.

माझी जागा खाडी.

मी कोकणातल्या वाशिष्ठी नदीच्या काठचा, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. खाडीची गंमत अशी की पलीकडचं गाव डोळ्यांसमोर असतं. तिथलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, तिन्हीसांजेला कुणाच्या ओटीवर दिवा लागला तेही कळतं. पण होडी त्या काठाला असेल, किंवा पाणी सुकलं असेल, म्हणजे ओहोटी असेल, तर मुकाट बसायचं. हाक पोचते, माणूस पोचत नाही. आमच्याकडे पोरांना शाळेतला पाढा यायच्या आधी एक हिशेब येतो : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पुरी, दुपारी आणि पहाटेही. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पुरी सुकती. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी. घड्याळ नसलेली माणसंसुद्धा या हिशेबावर बाजाराला जायची, पाहुण्याला निरोप द्यायची, आजाऱ्याला डॉक्टरकडे आज न्यायचं की उद्या ते ठरवायची.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. माझ्या आत्याचं लग्न वैशाखात, वद्य पंचमीला होतं. नवरा मुलगा खालच्या अंगाच्या गावचा, वऱ्हाड होडीतून येणार होतं. मुहूर्त सकाळी अकराच्या आतला. पंचांग उघडलं गेलं, मुहूर्त निघाला, पत्रिका छापल्या. ज्या पानावर मुहूर्त होता त्याच पानावर पंचमी लिहिलेली होती, पण पाचाचे पाऊणपट करायचं दोन्ही घरांत कुणालाही सुचलं नाही. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास खाडीत गाळ. होडी पावणेआठला आमच्या गावासमोर आली आणि रुतली. तांडेलानं वासा लावून पाहिला, दोघंतिघं उतरले ते मांडीपर्यंत आत गेले, त्यांनाच परत वर ओढून घ्यावं लागलं. किनाऱ्यावर आमची माणसं अक्षता घेऊन उभी, समोर होडी, होडीत नवरदेव मुंडावळ्या बांधून, बरोबर ताशेवाले. ताशा ऐकू येत होता. पावणेबाराला पाणी चढलं आणि होडी सुटली. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं.

मला या गोष्टीत रस आहे तो होडीतल्या चार तासांत. त्या होडीत आत्याचे सासरे आणि त्यांची थोरली बहीण अशी दोघं होती, ज्यांचं वाटणीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. घरी असती तर एक माजघरात आणि एक ओटीवर बसली असती, लग्न पार पडलं असतं आणि अबोला तसाच राहिला असता. होडीत ओटी नाही, माजघर नाही. उठून जायची सोय नाही. उतरली तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत होती, एवढं आमच्या बाजूच्या सगळ्यांनी पाहिलं.

मला जागा आवडते ती यासाठी. जी माणसाला त्याच्या सोयीनं निघू देत नाही आणि त्याच्या सोयीनं येऊही देत नाही, अशी कुठलीही जागा मला चालते. माणसं आपसूक काहीतरी करू लागतात, लेखकाला फार ढकलावं लागत नाही.

जुन्या कोकणी गोष्टींत मुंबईची बोट येते, तिचंही हेच. आगबोट पुष्कळ बंदरांत धक्क्याला लागत नसे. हर्णैला ती बाहेर उभी राहायची, पडाव (होड्या) जाऊन माणसं आणायचे, आणि शेवटचं गुडघाभर पाणी खांद्यावर बसून पार व्हायचं. मुंबईहून सूट-बूट घालून आलेला चाकरमानी गावाला पहिल्यांदा दिसायचा तो कुणाच्या तरी खांद्यावर. (एखाद्या पात्राचा प्रवेश याहून चांगला मी तरी लिहू शकणार नाही.) आणि पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे ज्येष्ठात बायकोशी भांडून मुंबईला गेलेला माणूस नारळी पौर्णिमेपर्यंत सहजी परत येऊ शकत नाही, मधे फक्त पत्र आणि मनिऑर्डर. दोन-अडीच महिन्यांचा हा अबोला कादंबरीला आयता मिळायचा. रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि कथाकारांचा तो पावसाळा गेला. माणसांची सोय झाली हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

खाडीकाठची कादंबरी वाचायची तर श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' वाचा. १९८७ ची, दोन खंड, जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या. तुंबाड म्हटलं की हल्ली लोकांना २०१८ चा चित्रपट आठवतो, त्याची कथा वेगळी आहे. पेंडशांच्या तुंबाडात नदी कुणाला गिळायला उठत नाही, ती नुसती शेजारी असते, आणि वाडा वर चढतो, उतरतो, पुन्हा सावरतो. दोन खंड म्हटल्यावर घाबरू नका, पहिली शंभरेक पानं जड जातात, नंतर आपणच तिथले कूळ होऊन बसतो.

खाडी नको असेल तर माण, म्हणजे माणदेशचा कोरडा मुलूख. इथं पाणी अडवत नाही, पाणी नसतं म्हणून अडतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तुम्ही शाळेत असताना धडा म्हणून थोडी वाचलीही असेल, आता सबंध वाचा, आणि फक्त जागेकडे लक्ष ठेवून वाचा. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं एक पोरगेला मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. मास्तरला आधी ती वाडी म्हणजे नुसता माळ वाटतो, मग एकेक घर दिसायला लागतं, एकेक माणूस, त्याच्या भानगडी. सगळी मिळून तालीम बांधतात, राजा येऊन जातो. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं घेऊन माणसं निघतात, आणि ज्या जागेची आपल्याला सवय झालेली असते ती जागाच आपल्या डोळ्यांदेखत रिकामी होते. बाकीच्या कादंबऱ्यांत माणूस गाव सोडतो. इथं गावच उठून गेलं, मागं मास्तर उरला. वाचून मला दोन दिवस दुसरं काही वाचवेना.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. माझी कथा आजची आहे. तर माझी दोन नंबरची जागा घ्या, ती अजून शिल्लक आहे : मुक्कामाची एसटी.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. आडगावाला दिवसातली शेवटची गाडी रात्री येते ती परत जात नाही. ती तिथंच राहते आणि सकाळी उजाडता उजाडता तीच पहिली गाडी म्हणून निघते. ड्रायव्हर-कंडक्टरचा मुक्काम देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर गाडीतच. कुणीतरी भाकरी देतं, कुणीतरी पाण्याचा तांब्या. हे दोघं गावचे नाहीत, पण गावातलं त्यांना गावकऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं : कोण तालुक्याला कोर्टात जाऊन आलं, कुणाची मुलगी परवा एकटीच माघारी आली, कुणी अर्धं तिकीट मागितलं आणि पोरगा मात्र मिसरूड फुटलेला. सकाळच्या गाडीत दुधाचे कॅन, भाजीची पोती, कॉलेजची पोरं आणि एखादा तापानं फणफणलेला म्हातारा एकत्र. आणि ही गाडी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही. पळून जाणारं जोडपं असो की मुलाखतीला जाणारा मुलगा, दोघांनाही त्याच दारातून चढावं लागतं, सगळ्या गावासमोर.

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, म्हणजे आपल्याकडच्या गोष्टींना ही गाडी पाऊणशे वर्षं पुरली आहे. आणि तिच्यातले नियम बदलले की नवीन गोष्टी निघतात. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला. आमच्या गावातले एक आजोबा तेव्हापासून रोज सकाळच्या गाडीनं तालुक्याला जातात, स्टँडवरच्या बाकावर बसतात आणि दुपारच्या गाडीनं परत येतात. काम काही नाही. सुनेला वाटतं, दवाखान्यात जात असतील. मी विचारलं नाही, विचारलं तर कथा संपेल. पुढच्याच वर्षी बायकांना निम्मं तिकीट झालं. आता माहेर निम्म्या पैशात आलंय. ज्या बायका वर्षातून दोनदा जायच्या त्या महिन्याला जाऊ लागल्या तर दोन्ही घरांत काय होईल? ही सबंध कादंबरी आहे आणि मला वाटतं ती बाईनंच लिहावी.

चाळीबद्दल फार लिहीत नाही, तिच्यावर मराठीत इतकं लिहून झालंय की गॅलरी म्हटली तरी पुढची चार वाक्यं वाचकाला पाठ असतात. तरी एक सांगतो. मुंबईत वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सरकारी चाळींत, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं दार उघडं ठेवून राहिलेली माणसं पहिल्या रात्री दार लावून झोपतात. पहिल्या रात्री कुणाला झोप लागली, कुणाला नाही? चाळीच्या आठवणी काढणारे खूप आहेत. ही रात्र मी अजून कुणाच्या कथेत वाचलेली नाही.

नावडत्या जागाही सांगून टाकतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. धुक्यातलं थंड हवेचं ठिकाण, जिथं पात्रं फक्त खिडकीतून बाहेर बघतात. ओसाड वाडा, ज्यात वटवाघळं आहेत पण वाडा कुणाच्या नावावर आहे ते लेखकाला माहीत नाही. आणि 'एक छोटंसं गाव', ज्याला नदी, देऊळ आणि पार आहे, पण रेशनचं दुकान नाही, सोसायटीचं कर्ज नाही आणि वरची आळी-खालची आळी नाही. डोंगरातल्या जुन्या घराचा विचार तुमच्या डोक्यात आहेच, तर आधी एवढं ठरवा की तिथं गॅस सिलिंडर कोण आणून देतं. गंमत करत नाहीये. तो आणणारा माणूस सापडला की तुम्हाला अर्धी कथा सापडेल.

कुणी म्हणतं, मोबाइल आल्यापासून माणूस कुठं अडकतच नाही. आमच्या गावी या. रेंज येते ती शाळेमागच्या बांधावर, तीही एका ठरावीक दगडावर चढलं तर. संध्याकाळी तिथं रांग असते. मुंबईतल्या नवऱ्याशी बोलायचंय, बँकेचा ओटीपी यायचाय, मुलीच्या सासरी काय झालं ते विचारायचंय, आणि सगळं मोठ्यानं, कारण आवाज तुटतो. मागच्या दिवाळीत मी तिथं फोन करायला गेलो होतो. माझ्या आधी सहा जण होते. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते मी इथं लिहिणार नाही, गावात तोंड दाखवायचंय.

राहिली आत्याच्या लग्नाची होडी. ती कथा मी तीनदा लिहिली. एकदा सासऱ्यांच्या तोंडून, एकदा ताशेवाल्याच्या, एकदा किनाऱ्यावरून. तिन्ही फसल्या, कारण मला किनारा माहीत आहे, होडी माहीत नाही. सासरे गेले, त्यांची बहीण गेली, तांडेल तर केव्हाच गेला. होडीतल्यांपैकी आमच्या नात्यात आता एकटे आतोबा उरलेत, म्हणजे खुद्द नवरदेव. गेल्या मे महिन्यात त्यांच्या पडवीत बसून सरळ विचारलं, की चार तास तुम्ही त्या दोघांच्या मधोमध बसला होता, ती एकमेकांशी काय बोलली?

त्यांनी बराच वेळ आठवल्यासारखं केलं. मग म्हणाले, "लाडू होते, ते वाटले. आणि ऊन फार होतं रे."