मी शेजारी बसले तरच अभ्यास करतो

“मी शेजारी बसले नाही तर हा वही उघडत नाही. मॅडम, मीच याला परावलंबी केलंय का?” तिसरीतल्या एका मुलाची आई विचारत होती. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाबांचं मत ठाम होतं, “हिने सरळ उठून जावं. एकटा पडला की करेल आपोआप.” तेही करून झालं होतं. मुलगा पेन्सिल कुरतडत बसून राहिला, रडारड झाली आणि आई पुन्हा शेजारी येऊन बसली.

नुसत्या सांगण्यावरून अशा वेळी फारसं कळत नाही. म्हणून मी मायलेकांना माझ्यासमोर एक जिगसॉ जोडायला दिला. मुलगा तुकडा उचलायचा आणि चित्राकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. तिच्या भुवया वर गेल्या की तुकडा खाली. मान हलली की लावून मोकळा. तो अडखळायच्या आत तिचं बोट योग्य जागेवर पोचलेलं असायचं. चित्र झटपट पूर्ण झालं. मुलाचं निरीक्षण चांगलंच तल्लख होतं, पण ते सगळं आईचा चेहरा वाचण्यात खर्च होत होतं.

मूल मोठ्यांच्या सोबतीने शिकतं यात काही वावगं नाही. लेव्ह व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं एक उदाहरण मी बाबांना सांगितलं. दोन मुलं आहेत. एकटी बसवून तपासली तर दोघांची पातळी आठ वर्षांच्या मुलाची. पण थोडं सुचवलं, सुरुवात करून दिली, तर एक जण बारा वर्षांच्या मुलाला जमतील अशी कोडी सोडवतो आणि दुसरा नऊपर्यंतच पोचतो. मग दोघं सारखे कसे म्हणायचे? एकट्याला काय येतं आणि मदतीने काय जमतं, यातल्या अंतरालाच त्याने समीपस्थ विकासाचं क्षेत्र म्हटलं. बाबांचा उपाय मुलाला या क्षेत्राबाहेर उभं करत होता.

पण मग आईचं बरोबर म्हणायचं का? तसंही नाही.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता. शिकवणारी व्यक्ती एकच, पण तिचं काम वयानुसार बदलत गेलं. तीन वर्षांच्यांना मुळात खेळात ओढून आणावं लागलं, चार वर्षांच्यांना चूक तोंडी लक्षात आणून द्यावी लागली, आणि पाच वर्षांच्यांना बहुतेक वेळा ‘बरोबर आहे ना?’ एवढंच विचारायचं होतं. इमारतीला बांधलेल्या परांचीसारखा हा तात्पुरता आधार, म्हणून त्याला स्कॅफोल्डिंग म्हणतात. वुड यांनी सांगितलेला नियम मी पालकांना जवळजवळ रोज सांगते: मूल अडलं की मदत एक पायरी वाढवा, जमलं की एक पायरी कमी करा.

या मुलाचं घोडं शाब्दिक उदाहरणांपाशी अडायचं, म्हणून आम्ही तेच घेतलं. बसमध्ये ४२ जण होते, १७ उतरले, ९ चढले, आता किती? पहिली पायरी, “बघ बरं, काय चाललंय इथे?” दुसरी, “आधी उतरणाऱ्यांचं बघ.” तिसरी, १७ या आकड्यावर बोट. चौथी, ४२ वजा १७ मांडून देणं. पाचवी, सगळं सोडवून दाखवणं. आई रोज थेट चौथीवरून सुरुवात करत होती, आणि बाबा पहिलीच्याही अलीकडे थांबत होते. हे ऐकून दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्या दिवशीचं निम्मं काम तिथेच झालं, असं मला वाटतं.

आईला सगळ्यात जड गेलं ते गप्प राहणं. हात मांडीखाली दाबून बसायची युक्ती तिने स्वतःच काढली.

पुढच्या एका भेटीत बाबांनी वेगळी तक्रार आणली. हा गणित करताना पुटपुटतो आणि वर्गात त्यावरून ओरडा बसतो. मी विचारलं, काय पुटपुटतो? तर “आधी काय झालं? उतरले. मग?” हे आईचे शब्द होते. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाला मुलांचं असं स्वतःशी बोलणं अपरिपक्वतेची खूण वाटायचं. व्हिगॉट्स्कीचं म्हणणं उलट होतं: दुसऱ्याने बोलून दिलेली मदत मूल आधी स्वतःला मोठ्याने देतं आणि पुढे मनातल्या मनात. या वादात मी व्हिगॉट्स्कीच्या बाजूची आहे. तेव्हा ते पुटपुटणं बंद करू नका. शाळेत हळू आवाजात कर, एवढं सांगितलं तरी पुरे.

मित्राबरोबर अभ्यासाला बसवू का, असंही आईने विचारलं. जरूर बसवा. फक्त मित्र उत्तरं सांगत असेल तर आईची खुर्ची त्याला मिळाली, एवढाच फरक पडेल.

एक सावधगिरी मात्र हवी. मदत अशी मोजून देऊनही काही महिन्यांत ती कमी होत नसेल, अक्षरं-आकडे सतत उलटेसुलटे होत असतील, वाचन वर्गापेक्षा खूप मागे असेल, तर ‘सवय लागलीय’ म्हणून सोडून देऊ नका. नजर आणि श्रवण तपासा, अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन करून घ्या. या मुलात तसं काही आढळलं नाही.

आता बेरीज-वजाबाकीला आई दुसऱ्या खोलीत असते, आणि तो अडला तर हाक मारतो. भागाकार नवीन आहे, त्यामुळे तिथे ती पुन्हा शेजारी बसते आणि चौथ्या पायरीपासून सुरुवात होते.