गंजलेला जादा इंजिन ब्लॉक: खर्च करावा की भंगारात द्यावा?

तुमच्या जुन्या गाडीसाठी त्याच मॉडेलचा एक जादा ओतीव लोखंडी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा, ज्यात पिस्टन फिरतात) तुम्ही घेऊन ठेवला होता. तो पडून पडून गंजला. मेकॅनिक म्हणतो, साफ करून बोअर करून (पिस्टनची भोकं आतून कापून मापात आणून) ठेवू. घरचे म्हणतात, भंगारात द्या. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

आज तरी कोणाचंच नको.

ब्लॉक घेताना दिलेले पैसे आधी हिशेबातून वगळा. तो ठेवला काय, विकला काय, ते परत येणार नाहीत. विचार करायचा तो यापुढे लागणाऱ्या पैशांचा. गाडी चालू आहे. इंजिनाचं काम निघालंच तर बहुधा हेड, गॅस्केट, रिंगा नाहीतर बेअरिंगचं निघतं. पिस्टनचा रॉड तुटून ब्लॉकची भिंत फुटली, किंवा अति तापून तडा गेला, तरच अख्खा ब्लॉक बदलायची वेळ येते. म्हणजे हा तुमचा विमा झाला, आणि विम्याचा हप्ता जोखमीपेक्षा जड नको. तुमच्या मॉडेलचे वापरलेले ब्लॉक सहज मिळत असतील तर मी हा हप्ता भरणारच नाही. जागा मोकळी करेन. मिळेनासे झाले असतील तर गोष्ट वेगळी.

तसं असेल तर मशीन शॉपमध्ये फक्त तपासणी करून घ्या: बोअरचं (पिस्टनच्या भोकाचं) माप, तड्यांची तपासणी, पाण्याच्या मार्गांची प्रेशर टेस्ट. बाहेरच्या गंजाकडे बघून घाबरू नका, तो दिसायलाच वाईट. पैसे खातात ते बोअरच्या भिंतीतले खड्डे. नुसता डाग होनिंगने, म्हणजे बारीक घासून, जातो. नखाला खड्डा लागत असेल तर रिबोअर (भोक कापून मोठं करणं) आणि ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढेच मोठे पिस्टन (०.२५, ०.५० मिलिमीटर असे), आणि त्यानेही खड्डा निघत नसेल तर लायनर (भोकात बसवायची नवी नळी). प्रत्येक पायरीवर बिल चढतं. मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकशाफ्टला खालून धरणारे तुकडे) सगळ्या जागेवर आहेत का, तेही बघा. त्या ब्लॉकला बसवूनच बोअर केलेल्या असतात. दुसऱ्या ब्लॉकची कॅप आणून नुसती बसवता येत नाही, लाइन बोरिंग, म्हणजे सगळ्या कॅपची भोकं एका रेषेत पुन्हा कापणं, करावं लागतं. एखादी हरवली असेल तर मी तिथेच थांबेन.

मेकॅनिकचा 'आत्ताच बोअर करून ठेवू' हा सल्ला मला पटत नाही. बोअर पिस्टनच्या मापावर होतो, म्हणजे पिस्टनही आजच घ्यावे लागणार, आणि कदाचित कधीच न लागणाऱ्या कामात पैसे अडकणार. शिवाय ताजं कापलेलं लोखंड तेल न लावता ठेवलं की पुन्हा गंज धरतं, म्हणजे तोच खर्च दोनदा.

तपासणीत ब्लॉक पास झाला तर गंज थांबवण्यापुरताच खर्च करा. धूळ-ओल पुसून बोअर आणि मशीन केलेल्या सगळ्या पृष्ठभागांवर गंजरोधक तेल चोपडा, गंजरोधक पिशवीत सील करा, आणि फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर कोरड्या जागी ठेवा. मधूनमधून उघडून तेल आहे ना, ते बघा. नापास झाला तर भंगारात देण्याआधी कॅप, बोल्ट असे सुटे भाग कोणाला हवेत का, विचारून बघा. ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, तेव्हा खरेदीची पावती शोधून ठेवा. विकताना घेणारा ती मागेल.